ओइरातांची स्पष्टाक्षरे

इलि आणि इर्तिश या नद्यांच्या खोऱ्यांपासून व्होल्गेच्या मुखापर्यंत पसरलेल्या गवताळ मुलखात सतराव्या शतकात पश्चिम मंगोलांच्या ज्या ओइरात टोळ्या आपले तंबू, घोडे आणि मेंढरांचे कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरत असत, त्यांच्या इतिहासात लढायांची, तहांची आणि खानांच्या वंशावळींची पाने पुष्कळ आहेत. परंतु त्या साऱ्या इतिहासातले जे कृत्य मला सर्वांत चिरस्थायी वाटते ते आहे एका बौद्ध भिक्षूचे, ज्याने १६४८ साली, चू नदीच्या काठच्या हिवाळी मुक्कामात, आपल्या भाषेसाठी नवी वर्णमाला सिद्ध केली. या भिक्षूचे नाव नामखाइजाम्त्सो. जग त्याला झाया पंडित या बिरुदाने ओळखते, आणि त्याने घडविलेल्या उभ्या लिपीला तोदो बिचिग, म्हणजे स्पष्ट लिपी, असे म्हणतात.

मंगोलांना लेखनविद्या लाभली ती चंगीझखानाच्या काळी. १२०४ च्या सुमारास नायमान लोकांचा पराभव झाला तेव्हा त्यांच्या राजाचा ताताटुंगा नावाचा उइघुर मुनशी राजमुद्रा उराशी धरून पळत असता पकडला गेला, आणि ही मोहोर कशासाठी असते, फर्मानावर ती का उठवावी लागते, हे त्याने विजेत्याला समजावून दिल्यावर चंगीझखानाने आपल्या मुलांना त्याच्याच हाताखाली अक्षरे गिरवावयास बसविले, असा वृत्तांत चिनी इतिहासग्रंथांत आहे. ही उइघुर अक्षरे सोग्द व्यापाऱ्यांच्या लिपीपासून निघाली होती, आणि सोग्दांची लिपी पश्चिम आशियातील अरामी कुळातली. मुळात उजवीकडून डावीकडे आडवी धावणारी ही लिपी मध्य आशियात पाव वळण घेऊन उभी राहिली. म्हणूनच चिनी लेखनाचे स्तंभ उजवीकडून डावीकडे सरकतात, तर मंगोल लेखनाचे स्तंभ, तसेच वरून खाली उतरत असूनही, डावीकडून उजवीकडे जातात. प्रत्येक शब्द एका उभ्या दंडाला लगडलेला असतो आणि लेखनिक त्याच्या अवयवांचा उल्लेख कणा, दात, पोट, शेपूट अशा सजीव नावांनी करतात.

दूर देशीच्या भाषांसाठी जन्मलेली आणि अनेक हातांतून आलेली ही लिपी मंगोल उच्चारांना तोकडी पडावी यात नवल नाही. मंगोल भाषेचे मूळ स्वर सात. पण लिपीत ओ आणि उ यांना एकच खूण, त आणि द यांच्यात भेद नाही, क आणि ग यांचीही तीच गत. राजाच्या छावणीला किंवा प्रासादाला ‘ओर्दु’ म्हणतात आणि लांब या अर्थाचा शब्द ‘उर्तु’ आहे. जुन्या लिपीत हे दोन्ही शब्द एकाच आकाराचे दिसतात आणि वाचकाने संदर्भ पाहून निवाडा करावा लागतो. शिवाय शतकानुशतके बोली बदलत गेली तरी लेखन जुन्या वळणावरच राहिले. उलानबातर या राजधानीच्या नावातील तांबडा या अर्थाचा पहिला शब्द लोकांच्या मुखी ‘उलान’ असा दीर्घ झाला, पण लेखणी ‘उलागान’ असेच लिहीत राहिली.

हा दोष सर्वांना ठाऊक होता. कुब्लाइखानाच्या आज्ञेवरून फाग्स्पा नामक तिबेटी लामाने तिबेटी अक्षरांच्या आधाराने एक चौकोनी लिपी रचली, ती १२६९ मध्ये राजाज्ञेने जाहीर झाली, आणि १३६८ मध्ये युआन राजवटीचे छत्र कोसळताच तिचा व्यवहारही मंदावला. दरबारने वरून लादलेले अक्षर लोकांच्या बोटांत उतरले नाही. पुढे १५८७ मध्ये आयूश गूशी या भाषांतरकाराने गालिक नावाची पूरक चिन्हे सिद्ध केली, परंतु त्यांचा हेतू संस्कृत आणि तिबेटी शब्द बिनचूक लिहिता यावेत एवढाच होता. म्हणजे परिस्थिती अशी झाली की संस्कृत धारणीतला एखादा महाप्राण वर्ण यथास्थित उमटविता येई, आणि घरातल्या माणसाने उच्चारलेला साधा शब्द मात्र तर्काने वाचावा लागे. झाया पंडितांच्या कार्याचे खरे महत्त्व मला येथे दिसते: पवित्र परभाषेला जी काटेकोर सेवा मिळत होती, ती त्यांनी मातृभाषेला मिळवून दिली.

त्यांचा जन्म १५९९ मध्ये खोशुत या ओइरात शाखेत झाला. खोशुतांचा प्रमुख बाइबागास याला स्वतःलाच प्रव्रज्या घ्यावयाची होती. पण राज्याचा भार टाकून त्याने जाऊ नये म्हणून, त्याच्याऐवजी सरदारांनी आपला एकेक पुत्र संघाला अर्पण करावा असे ठरले, आणि बाइबागासाने दत्तक घेतलेल्या या मुलाची रवानगी तिबेटात झाली. तेथे वीसहून अधिक वर्षे अध्ययन करून, रबजाम्पा ही विद्वत्पदवी मिळवून, १६३९ च्या सुमारास ते मायदेशी परतले. लगेच १६४० मध्ये ओइरात आणि पूर्वेकडील खाल्खा मंगोल यांच्या सरदारांची मोठी सभा भरली आणि परस्परांतील लढाया मिटवून एक समाईक कायदा मुक्रर झाला; त्या सभेस झाया पंडित उपस्थित होते. पुढची आठ वर्षे ते खाल्खा खानांच्या छावण्यांतून व्होल्गाकाठच्या तोर्गुत या ओइरात शाखेपर्यंत हिंडत राहिले. इतक्या बोली कानांवरून गेल्यावर लिखित आणि उच्चारित यांतील अंतर त्यांना जितके जाणवले असेल तितके मठात बसलेल्या पंडिताला जाणवणे कठीण होते.

त्यांनी जुनी लिपी मोडून टाकली नाही. तोच उभा कणा, तेच दात आणि पोट, तीच डावीकडून उजवीकडे सरकणारी स्तंभांची चाल. मात्र सातही स्वरांना सात वेगळी रूपे दिली, त-द आणि क-ग यांच्यातला संशय लहानशा फाट्याने वा खुणेने निवारला, आणि दीर्घ स्वरासाठी अक्षराच्या बाजूला एक छोटी आडवी रेघ योजली. एका अक्षराचा एकच ध्वनी आणि एका ध्वनीचे एकच अक्षर, हे जे तत्त्व भारतीय वर्णविचारातून तिबेटी विद्येत मुरले होते, त्याची छाया या योजनेवर पडलेली स्पष्ट दिसते. जुने लेखन ज्याला येत होते त्याला नवे वाचावयास फार वेळ लागत नसे, आणि ही सोय फाग्स्पाच्या चौकोनी लिपीत मुळीच नव्हती.

लिपीच्या पाठोपाठ ग्रंथ आले. त्यांचा शिष्य रत्नभद्र याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘सारायिन गेरेल’ या चरित्रात, १६५० ते १६६२ या बारा वर्षांत पंडितांनी स्वतः तिबेटीतून उतरविलेल्या १७७ ग्रंथांची नोंद आहे, आणि शिष्यांचे काम त्याखेरीज. सुवर्णप्रभाससूत्र, वज्रच्छेदिका, अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता, तिबेटी वैद्यकाचा चार तंत्रांचा ग्रंथ, अशी ही परंपरा आहे. ज्या ग्रंथांची मूळ वाणी संस्कृत, ते हिमालय ओलांडून तिबेटीत आणि तिबेटीतून घोडेस्वारांच्या बोलीत पोचले. लांबट पोथीच्या पानावर आखूड उभ्या ओळींत लिहिलेली ती सूत्रे तंबूतंबूंतून वाचली गेली. १६६२ मध्ये पुन्हा तिबेटच्या वाटेवर असता पंडितांचे देहावसान झाले. म्हणजे लिपी हाती आल्यानंतर त्यांना उणीपुरी चौदाच वर्षे मिळाली होती.

धर्मग्रंथांच्या जोडीने कथाही या अक्षरांत शिरल्या, आणि त्यांतली एक मराठी वाचकाला आपली वाटेल. प्रेत पाठीवर घेऊन निघालेला राजपुरुष, वाटेत त्या प्रेताने सांगितलेली गोष्ट, वाहणाऱ्याने मौन सोडताच प्रेताचे मूळ जागी परत जाणे, ही आपल्या वेताळपंचविशीची मांडणी ओइरातांत ‘सिद्धी-कूर’ या नावाने रुजली; तेथे हे प्रेत आणण्याची आज्ञा करणारा आचार्य साक्षात नागार्जुन आहे. बर्नहार्ड युल्ग या पंडिताने १८६६ मध्ये लाइपझिग येथे या कथांचा काल्मिक, म्हणजे व्होल्गाकाठच्या ओइरातांचा, पाठ जर्मन भाषांतरासह छापून प्रसिद्ध केला.

परंतु लिपीची कसोटी दप्तरात लागते. १६४० च्या ज्या समाईक कायद्याचा उल्लेख वर आला, त्याचा पाठ आपल्यापर्यंत पोचला तो तोदो लिपीतील नकलांमधूनच. त्यातली कलमे वाचताना त्या समाजाचे चित्र उभे राहते: गुन्ह्याचा दंड गुराढोरांच्या संख्येत, चाळीस तंबूंनी मिळून दरसाल चार मुलांची लग्ने लावून द्यावीत, आणि दहा जणांनी एकाला साहाय्य करावे, तसेच चाळीस तंबूंनी वर्षाला दोन चिलखते सिद्ध करावीत, न केल्यास दंड. झुंगार या ओइरात राज्याचा खान गाल्दान याचे खलिते, तसेच व्होल्गाकाठच्या अयुका खानाने रशियन अधिकाऱ्यांना चराऊ रानांविषयी, पळविलेल्या घोड्यांविषयी आणि धरून नेलेल्या माणसांविषयी लिहिलेली पत्रे याच अक्षरांत आहेत. पोल्तावाच्या लढाईत रशियाच्या हाती सापडून पुढे १७१६ मध्ये झुंगारांच्या कैदेत गेलेला योहान गुस्ताफ रेनात हा स्वीडिश तोफखान्यातला अधिकारी १७३३ मध्ये सुटला, तेव्हा त्याने मध्य आशियाचा एक नकाशा बरोबर आणला. त्यावरील नद्या, पर्वत आणि मुक्काम यांची नावे तोदो लिपीत आहेत. आपल्या मुलखाची मोजदाद आपल्याच अक्षरांत करणारे हे राज्य होते, हे त्या एका पत्रकावरून कळते.

आता त्या प्रश्नाकडे वळावे लागते ज्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत: झाया पंडितांनी ही लिपी सर्व मंगोलांसाठी रचली की केवळ ओइरातांसाठी? त्यांचा खाल्खा खानांशी असलेला निकट संबंध, १६४० च्या सभेची ताजी आठवण आणि त्यांच्या लेखनातील बोलीनिरपेक्ष जुनी वळणे ध्यानी घेता, त्यांच्या मनात सर्व मंगोलांची एकी असावी, असे मला वाटते. पण घडले वेगळे. जुन्या लिपीच्या संदिग्धतेतच एक औदार्य होते. एकच लिखित शब्द खाल्खा आपल्या उच्चाराने वाची, बुर्यात आपल्या आणि ओइरात आपल्या, आणि कोणालाही तो परका वाटत नसे. अक्षर स्पष्ट होताच ते कोणाचे आहे हेही स्पष्ट झाले. पूर्वेकडच्यांनी जुनीच लिपी चालू ठेवली. १६८८ मध्ये गाल्दानाने खाल्खांवर चाल केली आणि त्यानंतर तीनच वर्षांत खाल्खा सरदारांनी चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंचे आधिपत्य पत्करले, तेव्हा लिपीच्या एकीची आशाही मावळली. जी अक्षरे जोडण्यासाठी रचली गेली असावीत, ती ओइरातांच्या वेगळेपणाची खूण होऊन बसली, आणि हेच या इतिहासातले शल्य आहे.

ते वेगळेपणही फार काळ सुखात राहिले नाही. १७५५ ते १७५८ या वर्षांत मांचू बादशहा छियेन-लुंग याच्या फौजांनी झुंगार राज्य नष्ट केले. वेइ युआन या चिनी ग्रंथकाराच्या अंदाजाने दहातले चार देवीच्या साथीत गेले, तीन तलवारीला बळी पडले आणि दोन परमुलखात पळाले. विजेत्यांनी मात्र या लिपीची दखल कारभारासाठी घेतली. १७६३ च्या ‘शी-यू थुंग-वन-ची’ या पश्चिम प्रदेशातील नावांच्या बादशाही कोशात मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी आणि तुर्की यांच्या पंक्तीला तोदो अक्षरेही आहेत. १७७१ च्या जानेवारीत व्होल्गाकाठचे दीड लाखाहून अधिक लोक उबाशी खानाबरोबर रिकाम्या झालेल्या मायभूमीकडे निघाले आणि निम्म्याहून कमी पोचले. त्या हिवाळ्यात व्होल्गा गोठली नाही म्हणून जे पश्चिम तीरावर अडकले, त्यांचेच वंशज आजचे काल्मिक.

त्या काल्मिकांमध्ये लिपीला छापखाना मिळाला. सारेप्ता येथील मोराविअन बंधुसंघाचा इझाक याकोब श्मिट याने मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे केलेले काल्मिक भाषांतर १८१५ मध्ये पीटर्सबर्ग येथे निघाले, आणि १९१० मध्ये त्याच नगरीत, एल्यान ओव्ला या शाहिराच्या तोंडून नोम्तो ओचिरोव्ह याने टिपून घेतलेले ‘जांगर’ महाकाव्याचे दहा सर्ग तोदो अक्षरांत शिळाछापावर प्रसिद्ध झाले. त्यानंतर चौदाच वर्षांनी, १९२४ मध्ये, नव्या सोव्हिएत सरकारने रशियन अक्षरे आणली. १९३० च्या सुमारास रोमन, आणि १९३८ मध्ये पुन्हा रशियन. एकाच पिढीला इतक्या वेळा लिपी बदलावयास लावणे म्हणजे आजोबाचे पत्र नातवाला बंद करून टाकणे होय. २८ डिसेंबर १९४३ रोजी संबंध काल्मिक जमातीला सैबेरियात हद्दपार करण्यात आले, १९५७ मध्ये परत येऊ दिले, आणि या दरम्यान घरोघरच्या पोथ्यांचे जे झाले ते कोणत्याही यादीत सापडणार नाही.

चीनच्या शिनच्यांग प्रांतातील ओइरातांनी तोदो लिपी अधिक काळ जपली. तेथे तिच्यात पाठ्यपुस्तके आणि नियतकालिके निघाली, पण १९८० नंतरच्या दशकात सरकारी धोरण जुन्या मंगोल लिपीच्या बाजूने वळले. काल्मिकियात मात्र उलट दिशेने थोडी हालचाल झाली आहे: एलिस्ता नगरात झाया पंडितांचे स्मारक उभे आहे, काही शाळांत उभी अक्षरे पुन्हा शिकविली जातात, आणि १९९९ पासून युनिकोडच्या मंगोल विभागात तोदोच्या खास अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. याहूनही मोलाचे काम दप्तरखान्यात चालले आहे. एलिस्तात जतन केलेले खान-कालीन कागद वाचून, लिप्यंतर आणि भाषांतर जोडून छापले जात आहेत. अयुका खान आणि त्याच्या समकालीनांच्या पत्रांचा संग्रह २००३ मध्ये तेथे प्रसिद्ध झाला.