नागिन डान्सची बीन, जी बीन नव्हतीच!

सालेकसा तालुक्यात वरात निघाली आणि नागिनची धून लागली, की रुमाल दातात धरून पोरं डोलायला लागतात. पण १९५४च्या ‘नागिन’मधली ती बीन खरी नव्हती! हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली. या वाद्यातून एका वेळी एकच सूर निघतो.

मग अशा वाद्यावर दोन पट्ट्या दाबल्या तर? निवड यंत्र करतं. १९७०च्या मिनीमूगमध्ये खालचा सूर जिंकतो: सा धरून वरचा प दाबा, ऐकूच येणार नाही. सा सोडा, प येतो. तोही नवा ठोका न घेता, जणू एकाच श्वासात. सगळी बोटं उचलून दाबलंत, तरच सूर नव्याने सुरू होतो.

बीनवाल्याचा दम इथे सेटिंगमध्ये असतो. सिंथ ॲपमध्ये ती बदलून बघा. बोटं तीच, धून वेगळी!