दोन कळा आणि हरवलेले तापमान

घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीवर महत्त्वाची नियंत्रणे दोनच असतात. एक वेळेचे, दुसरे शक्तीच्या पातळीचे. कालचा भात गरम करण्यास ती पुरेशी आहेत. रासायनिक प्रयोगासाठी ती पुरेशी आहेत काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र दोन दशकांहून अधिक काळ लागला. त्या वाटचालीत बंगळूरच्या एका प्रयोगशाळेचाही वाटा आहे.

सूक्ष्मतरंगांशी भारताचा संबंध त्याहून जुना. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये मिलिमीटरच्या मापातील तरंगांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारूही पेटवली. परंतु ती दारू तरंगांच्या उष्णतेने पेटली नव्हती. तरंगांनी केवळ दूरचे विद्युतमंडल चालू केले होते. तरंगांनीच पदार्थ तापवण्याइतकी शक्ती दुसऱ्या महायुद्धातील रडारसाठी विकसित झालेल्या मॅग्नेट्रॉनमुळे हाती आली. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये अन्न शिजवण्याच्या या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९४७ मध्ये ‘रेडारेंज’ ही भट्टी बाजारात आली.

स्वयंपाकघरातील हे यंत्र पुढे प्रयोगशाळेत शिरले. १९७५ मध्ये जैविक नमुने आम्लात विरघळवण्यासाठी त्याचा वापर झाल्याचे प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये कॅनडातील रिचर्ड गेडाय आणि अमेरिकेतील रेमंड गिगेरे यांच्या गटांनी बंद पात्रांत सेंद्रिय अभिक्रिया घडवून तासांचे काम मिनिटांत आटोपल्याचे दाखवले. पाठोपाठ अशा निबंधांची रीघ लागली. कृतीच्या वर्णनात अनेकदा एवढेच असे : अमुक वॅट, तमुक मिनिटे. तापमानाचा उल्लेखच नसे.

येथेच घोटाळ्याचे मूळ होते. जुन्या धाटणीच्या घरगुती भट्टीत ‘५० टक्के शक्ती’ म्हणजे निम्म्या जोराचे तरंग नव्हेत. मॅग्नेट्रॉन पूर्ण जोराने चालतो, मग बंद पडतो, पुन्हा चालतो. निम्मी होते ती केवळ चालण्याची वेळ. समजा, ८०० वॅटची भट्टी दहा सेकंद चालू आणि दहा सेकंद बंद राहते, आणि आतील ५० ग्रॅम पाणी त्यातील ४०० वॅट शोषते. चालू असलेल्या दहा सेकंदांत पाण्याला ४००० जूल मिळतात आणि त्याचे तापमान सुमारे १९ अंशांनी चढते. दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर तेवढ्यात वेग जवळजवळ चौपट झाला! नोंदवहीत मात्र ‘५० टक्के’ एवढेच उरते.

बंद पात्रात तर द्रावक आपल्या उत्कलनबिंदूच्याही वर तापतो. ८० अंशांवर दहा तास चालणारी अभिक्रिया १६० अंशांवर गेली, तर त्याच नियमाने वेग २५६ पट होतो. दहा तासांची सव्वादोन-अडीच मिनिटे होतात. दाब वाढून पात्रे फुटण्याचा धोका होता तो याच कारणाने. पण तापमान मोजलेलेच नसल्याने अनेकांनी या वेगाचे श्रेय तरंगांच्या एखाद्या गूढ, उष्णतेवेगळ्या परिणामाला दिले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे अवघडच होते. २.४५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर रासायनिक बंध तोडण्यास काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. जे. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात घरगुती भट्टीतच काचा, कार्बाइडे, नायट्राइडे यांसारखे घनपदार्थ तयार केले आणि १९९९ मध्ये या क्षेत्राचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. या कामातून एक गोष्ट ठळक झाली : भट्टी तीच, कळाही त्याच, पण प्रत्येक पदार्थ तरंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतो. कार्बनची भुकटी मिनिटभरात हजार अंशांपलीकडे जाऊ शकते. क्वार्ट्‌झ जवळजवळ थंडच राहते. म्हणजे नमुन्याचा विचार न करता लिहिलेले ‘वॅट आणि मिनिटे’ अपुरेच.

पुढे तापमान मोजून त्यानुसार शक्ती आपोआप कमी-जास्त करणारी उपकरणे आली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने २००९ मध्ये सिलिकॉन कार्बाइडची पात्रे वापरली. हा पदार्थ तरंग स्वतःच शोषतो, त्यामुळे आतील द्रवापर्यंत उष्णता पोहोचते, तरंग जवळजवळ पोहोचत नाहीत. तापमान सारखे ठेवल्यावर काचेच्या आणि या पात्रांतील निष्पत्ती जुळली. ज्या अभिक्रिया तपासल्या, त्यांतील वेगाचे श्रेय उष्णतेचेच ठरले.

वेळ आणि शक्ती या यंत्राला दिलेल्या आज्ञा होत. नमुन्याने काय अनुभवले ते तापमान सांगते. म्हणून प्रयोगाच्या नोंदीत नमुन्याचे वस्तुमान, द्रावक, पात्र बंद की उघडे, तापमान कशाने आणि कोठे मोजले, हे सारे लिहावे लागते. ते लिहिले, तर बंगळूरचा प्रयोग गुवाहाटीतील विद्यार्थी पुन्हा करून पाहू शकतो. ते राहिले, तर त्याच्या हाती भट्टी असते, आणि उरतो अंदाज.