दहा दिवसांचे सहाध्यायी

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘रिफ्रेशर’ हा शब्द रूढ झाला. तीन आठवडे परक्या विद्यापीठाच्या वसतिगृहात मुक्काम, सकाळ-दुपार व्याख्याने, आणि शेवटी पदोन्नतीच्या फाइलीला जोडायचे प्रमाणपत्र. आमच्यापैकी बहुतेकांनी हे वर्ग केले आहेत. त्यांतील व्याख्याने आज फारशी स्मरत नाहीत. स्मरतो तो रात्रीच्या जेवणानंतर व्हरांड्यात मर्ढेकरांवरून पेटलेला वाद, आणि दूरच्या तालुक्याच्या गावाहून आलेला तो खोलीसोबती, ज्याची पत्रे पुढे कित्येक वर्षे येत राहिली. आमच्या एखाद्या लेखावर त्याने लिहिलेले चार ओळींचे परखड मत आम्हांला छापील परीक्षणापेक्षा अधिक कामाचे वाटे.

अशा आठवणींना आपण ‘वर्गाबाहेरच्या’ म्हणतो आणि बाजूला ठेवतो. अभ्यासक्रम वेगळा, स्नेह वेगळा. पहिला नियोजित, दुसरा योगायोगाने लाभलेला, अशी ही विभागणी आहे. परंतु हा योगायोगच कुणी योजनेचा पाया केला तर? साहित्याच्या उच्च शिक्षणात असा प्रयोग अमेरिकेत झाला आणि तो टिकलाही. त्याचा इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. आमच्या दृष्टीने तो शिक्षणसंस्थेच्या इतिहासाइतकाच सहवासाचाही इतिहास आहे.

व्हरमाँट राज्यातील प्लेनफिल्ड या खेड्यात १९३८ साली गोडार्ड महाविद्यालय सुरू झाले. त्याचे संस्थापक-अध्यक्ष रॉइस पिटकिन हे जॉन ड्यूईंच्या शिक्षणविचाराचे अनुयायी होते. गुण, श्रेणी आणि ठरावीक परीक्षा यांच्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः आखलेल्या अभ्यासावर त्यांचा विश्वास होता. याच महाविद्यालयात १९६३ साली प्रौढांसाठी पदवीचा एक निराळा उपक्रम सुरू झाला. त्यामागे एव्हलिन बेट्स यांची कल्पना होती. संसार, नोकरी, मुलेबाळे यांत गुंतलेल्या माणसाला चार वर्षे वसतिगृहात राहणे शक्य नसते. पण निव्वळ टपालाने शिकताना त्याला एकटेपणा ग्रासतो. बेट्स यांनी मधला मार्ग काढला. दर सहा महिन्यांनी दोन आठवडे सर्वांनी एकत्र राहावे, उरलेला काळ घरी राहून मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करीत अभ्यास करावा. आज ज्याला ‘लो-रेसिडेन्सी’, म्हणजे अल्पनिवासी शिक्षण म्हणतात, त्याचा आरंभ येथे झाला.

हा साचा साहित्यनिर्मितीच्या पदव्युत्तर शिक्षणाला लावण्याचे श्रेय कवयित्री एलन ब्रायंट व्हॉइट यांचे. त्या स्वतः आयोवा विद्यापीठात शिकलेल्या. आयोवाची लेखनशाळा १९३६ पासूनची, आणि या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित. मराठी वाचकांना आयोवाचे नाव ठाऊक आहे ते तेथील आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमामुळे. १९७५ ते १९७७ या काळात दिलीप चित्रे त्या उपक्रमात होते. आयोवाच्या पद्धतीत लेखक दोन वर्षे त्या गावी येऊन राहतो. हे ज्यांना परवडते त्यांच्यासाठी ती पद्धत उत्तम. पण ज्यांच्या पाठीशी पगार, कर्ज आणि शाळकरी मुले आहेत, त्यांचे काय? गोडार्डमध्ये शिकवीत असताना व्हॉइट यांनी १९७६ साली या प्रश्नाचे उत्तर म्हणून अल्पनिवासी पदव्युत्तर लेखन-अभ्यासक्रम उभा केला.

त्यांच्याभोवती जमलेली शिक्षकमंडळी आज पाहिली म्हणजे नवल वाटते. २०२० साली नोबेल मिळालेल्या लुईस ग्लुक तेथे शिकवीत. त्यांच्याजवळ स्वतःची महाविद्यालयीन पदवी नव्हती. कथाकार रेमंड कार्व्हर आणि टोबायस वुल्फ हेही आरंभीच्या काळात तेथे होते. विद्यार्थ्यांत पुढे कवी म्हणून मान्यता पावलेले मार्क डोटी होते आणि ‘द लायर्स क्लब’ या आत्मकथनाने १९९५ साली गाजलेल्या मेरी कार होत्या. कार यांनी पदवीचे शिक्षण मध्येच सोडले होते. रूढ व्यवस्थेत त्यांना पदव्युत्तर वर्गाचा उंबरठाही ओलांडता आला नसता.

या अभ्यासक्रमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दहा-अकरा दिवसांचे निवासी सत्र भरते. येण्यापूर्वीच प्रत्येकाने आपल्या गटातील इतरांची हस्तलिखिते वाचून ठेवायची. म्हणजे माणूस भेटण्याआधी त्याची कविता भेटलेली असते. सत्रात सकाळी शिक्षकांची व्याख्याने, दुपारी हस्तलिखितांवर गटचर्चा, रात्री वाचन. जे विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करीत आहेत त्यांनीही इतरांसाठी एक वर्ग घ्यायचा. जेवण एकाच भोजनगृहात. शिक्षकांना वेगळे टेबल नाही. शेवटच्या दिवसांत प्रत्येकाला सहा महिन्यांसाठी एक मार्गदर्शक मिळतो आणि दोघे मिळून वाचनाची व लेखनाची योजना ठरवतात. मग सारे पांगतात. यापुढे साधारण तीन आठवड्यांनी एक जाडजूड पाकीट टपालात पडते. त्यात नवे लेखन, जुन्याचे पुनर्लेखन, वाचलेल्या पुस्तकांवरील टिपणे आणि एक पत्र असते. उत्तरादाखल मार्गदर्शकाचे दीर्घ पत्र येते. अशी चार सत्रे पार पाडली की पदवी.

वरवर पाहता दहा दिवसांचे सत्र ही प्रस्तावना आणि सहा महिन्यांचा पत्रव्यवहार हा ग्रंथ, असे वाटेल. आम्हांला नाते याहून गुंतागुंतीचे दिसते. लिखित टीका ही निष्ठुर गोष्ट आहे. कागदावर ‘हे कडवे खोटे वाटते’ एवढे वाक्य आले तर नवोदित लेखक महिनाभर लेखणी उचलत नाही. पण ते वाक्य लिहिणाऱ्याचा आवाज आपण ऐकलेला असेल, मध्यरात्री स्वयंपाकघरात त्याच्यासोबत उरलेला पाव खाल्लेला असेल, स्वतःची फसलेली कथा वाचताना त्याचा कापरा झालेला स्वर आपल्या कानांत असेल, तर तेच वाक्य निराळे वाचले जाते. त्यातला अधिक्षेप गळून पडतो आणि काळजी उरते. सहवास टीकेला सौम्य करीत नाही, तिला ऐकण्याजोगी करतो. या अर्थाने सत्रातील मैत्री हा अभ्यासक्रमाचा शिष्टाचार नव्हे, ते त्याचे साधन आहे.

आपल्याकडे याचे एक प्राचीन रूप आहे. बौद्ध भिक्षू एरवी विहार करीत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्यांनी एका ठिकाणी राहावे असा नियम होता. हा वर्षावास संपला म्हणजे ‘प्रवारणा’ होई. तिच्यात प्रत्येक भिक्षू संघाला विनवी, की माझ्यात कोणाला काही दोष दिसला, ऐकू आला वा संशयास्पद वाटला असेल, तर तो अनुकंपेने सांगावा. दोष ऐकण्याची ही तयारी सहवासाच्या अखेरीस येते, आरंभी नव्हे, हे लक्षणीय आहे. आधी एका छपराखाली तीन महिन्यांचा पाऊस, मग प्रवारणा, आणि मग पुन्हा पांगणे. व्हरमाँटमधील त्या योजकांना हे ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. सहवास, दोषदर्शन आणि वियोग यांची सांगड माणसांना फार पूर्वी उमगली होती, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या प्रयोगाची खरी परीक्षा पाच वर्षांतच झाली. गोडार्ड आर्थिक संकटात सापडले आणि १९८१ साली त्याचे काही अल्पनिवासी उपक्रम दुसऱ्या संस्थेने घेतले. व्हॉइट यांचा लेखन-अभ्यासक्रम मात्र वेगळ्या वाटेने गेला. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासह तो दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिलजवळच्या वॉरन विल्सन महाविद्यालयात स्थलांतरित झाला. वास्तू मागे राहिली, संस्थेचे नावही मागे राहिले. तरीही अभ्यासक्रम तोच राहिला, कारण त्याचा ऐवज भिंतींत नव्हता. वर्षातले जेमतेम वीस दिवस एकत्र असणाऱ्या माणसांनी एक विद्यालय उचलून शेकडो मैल दूर नेले, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात विरळाच. तेथे आजवर तो चालू आहे, आणि त्याचे माजी विद्यार्थी दरवर्षी स्वतः संमेलन भरवतात.

योगायोग असा, की वॉरन विल्सन ज्या स्वाननोआ खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यात १९३३ ते १९५७ या काळात ब्लॅक माउंटन महाविद्यालय होते. तेही मूठभर माणसांचे. त्याचे शेवटचे प्रमुख चार्ल्स ओल्सन आणि कवी रॉबर्ट क्रीली यांचा पत्रव्यवहार १९५० मध्ये सुरू झाला. त्यांची प्रत्यक्ष भेट मात्र चार वर्षांनी झाली. तेथे पत्र आधी आणि भेट नंतर. येथे भेट आधी आणि पत्र नंतर. क्रम उलटा असला, तरी दोन्हींकडे लेखन घडले ते एका विशिष्ट वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून. ‘सर्वसामान्य वाचक’ नावाच्या अमूर्तासाठी लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

अर्थात या सहवासाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. दहा दिवसांची जवळीक उत्कट असते म्हणूनच संशयास्पदही असते. सुट्टीतल्या मैत्रीप्रमाणे ती नित्याच्या घर्षणातून गेलेली नसते. शिवाय एकमेकांवर माया जडलेल्या गटात परस्परस्तुतीची सवय लागते, सर्वांना चालेल असे गुळगुळीत लेखन पुढे येते, आणि पुढे पुरस्कार व प्रकाशन यांच्या वर्तुळांत याच ओळखी कामी येतात, हे आक्षेप लेखनशाळांवर सतत घेतले गेले आहेत आणि ते निराधार नाहीत. या पद्धतीने घरदार सोडण्याची अट काढली, शुल्काची काढली नाही, हेही खरे. तरी अल्पनिवासाच्या रचनेत या दोषांवर एक उतारा अंगभूत आहे, तो म्हणजे वियोग. सहा महिने विद्यार्थी पुन्हा आपल्या कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत असतो. टाळ्या वाजवणारे तेथे कोणी नसते. सत्रात मिळालेली उमेद एकटेपणात टिकते की नाही, हे त्याला दर तीन आठवड्यांच्या पाकिटात सिद्ध करावे लागते.

गोडार्डची कथा मात्र सुखान्त नाही. लेखन-अभ्यासक्रम गेल्यावरही ते सावरले, कालांतराने सर्वस्वी अल्पनिवासी झाले आणि त्याने पुन्हा स्वतःचा लेखन-अभ्यासक्रम चालवला. पण विद्यार्थी घटत गेले. २०२४ च्या जानेवारीत निवासी सत्रे बंद करून सारे शिक्षण आंतरजालावर नेण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि एप्रिलमध्ये वसंतसत्राअखेर महाविद्यालयच बंद होत असल्याची घोषणा झाली. सत्रे थांबली म्हणून महाविद्यालय बुडाले, असा कार्यकारणभाव आम्ही लावणार नाही. तिजोरी आधीच रिकामी होत आली होती. तरी ज्या संस्थेने एकत्र राहण्याचे मोल साऱ्या देशाला शिकवले, तिला अखेरच्या काळात तेवढेच परवडू नये, याची खंत वाटते.

१९८१ आणि २०२४ या दोन साली एकाच संस्थेने दोन परस्परविरोधी धडे दिले. पहिला असा, की माणसांचे बंध वास्तूवाचून जगू शकतात. दुसरा असा, की ते वास्तूवाचून कायमचे जगत नाहीत; त्यांना सहा महिन्यांनी का होईना, एक भोजनगृह, एक व्हरांडा आणि रात्रीचे काही रिकामे तास लागतात.

आपल्याकडील उजळणी वर्गही आता पुष्कळसे पडद्यावर होतात. प्रवास वाचतो, रजा वाचते, खर्च वाचतो, आणि व्याख्याने पूर्वीपेक्षा वाईट असतात असे नाही. त्यामुळे हिशेब मांडणाऱ्याला तक्रारीस जागा दिसत नाही. पण व्याख्यान संपताच पडदा काळा होतो आणि प्रत्येक जण आपापल्या घरात उरतो. आमच्या त्या खोलीसोबत्याने मर्ढेकरांवर आमच्याशी उभा दावा मांडला होता, तो चहाच्या सुट्टीत नव्हे, रात्री वीज गेल्यावर. वेळापत्रकात त्याची नोंद नव्हती. ती असायला हवी होती, असे आता वाटते.