मोडी टाइप

मोडी लिपीचे सलग, वळणदार हस्ताक्षर छपाईसाठी किंवा संगणकासाठी सुट्या अक्षरांत बांधणारी मुद्राक्षरे. पाश्चात्त्य मुद्रणात मानपत्रे, निमंत्रणे, प्रशस्तिपत्रे यांसाठी हस्ताक्षरी वळणाचा डौलदार टाइप वापरण्याची जुनी प्रथा आहे. मराठीत त्या तोडीचे, दरबारी शिस्तीत मुरलेले वळण मोडीकडेच आहे.

मोडीची बहामनी, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी वळणे मानली जातात. त्यांत टाइपला नमुना म्हणून पेशवेकालीन वळण सर्वांत योग्य ठरते. अक्षर गोलाई घेतलेले, किंचित उजवीकडे कललेले, दोन अक्षरांतले अंतर राखलेले आणि ओळ सरळ. हे वळण पुण्यापुरते नव्हते. अठराव्या शतकात काशीला स्थायिक झालेले नारायण दीक्षित पाटणकर (कायगावकर) आणि काशीतले सदाशिव नाईक यांचा पेशव्यांशी पत्रव्यवहार होता. ब्रह्मघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी वस्ती वाढली. तिथे श्रुतिस्मृतींच्या पोथ्या बाळबोधीत म्हणजे देवनागरीत उतरवल्या जात, तर राजकारणाचा आणि हिशेबाचा मजकूर मोडीत लिहिला जाई. एकाच घरात दोन्ही लेखण्या चालत.

त्या काळच्या पत्राचा औपचारिकपणा अक्षराबरोबरच कागदाच्या मांडणीतही असतो. माथ्यावर मधोमध ‘श्री’, मग मोकळी जागा, त्याखाली मायना. लेखक आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा आखून घेतो आणि मग बोरूने अक्षरे तिच्याखाली लोंबती ठेवत जातो. शब्दाशब्दांत जागा सोडत नाही, विरामचिन्हे वापरत नाही. राजपत्रात मजकूर संपला तिथे मोर्तब उमटते, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू शकत नाही.

मोडीचा सारा वेग हात न उचलण्यात आहे आणि टाइप करणाऱ्याची अडचणही तिथेच आहे. अक्षराचा शेवट खाली होतो, तिथूनच कान्याचा फटकारा वर चढतो आणि शिरोरेषेला मिळून पुढच्या अक्षरात उतरतो. काही व्यंजने स्वरचिन्ह लागताच रूप बदलतात, ‘र’ तर जोडणीप्रमाणे वेगवेगळा दिसतो. शिशाचा खिळा चौकोनी असतो. दोन खिळ्यांच्या कडा कितीही घट्ट बसवल्या तरी फटकारा कडेपाशी तुटतो. प्रत्येक जोडणीचा वेगळा खिळा पाडायचा, तर जुळाऱ्याच्या पेटीत खण पुरायचे नाहीत.

तरीही प्रयत्न लवकर झाला. विल्यम कॅरीचा मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. हे काम मोलाचे आहे, पण छापील मोडीला लेखणीची लय कधी लाभली नाही. मोडीला खरा सोयीचा ठरला तो शिळाप्रेस. हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरत असल्यामुळे शाळांची मोडी वाचनपुस्तके शिळाछापावरच निघाली. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी बाळबोध टाइप इतका देखणा केला की ग्रंथांची लिपी तीच झाली. काशीतही तेच घडले. तिथे १८९३ मध्ये नागरीप्रचारिणी सभा स्थापन झाली आणि १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादन मराठी घराण्यातल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी केले, तेही नागरीतच. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी महाराष्ट्रातल्या शाळांतूनही गेली.

इतर लिपींनाही हीच अडचण होती. ल्याँ शहरात रोबेर ग्रांजोंने १५५७ मध्ये फ्रेंच हस्ताक्षरावरून टाइप पाडला, पण सांधे जुळवणे धातूत जिकिरीचेच राहिले. मॅथ्यू कार्टरचा ‘स्नेल राउंडहँड’ १९६६ मध्ये आला तो फोटोजुळणीसाठी. तिथे खिळ्याची कडाच नसल्याने रेषा खरोखर रेषेला भिडली. उर्दूत मिर्झा अहमद जमील यांनी ‘नूरी नस्तालिक’ साठी हजारो अक्षरजोडण्या स्वतंत्र आखल्या आणि १९८१ मध्ये ‘जंग’ दैनिक कातिबाच्या हस्तलेखाऐवजी त्यावर निघू लागले. मोडीला असा चिकाटीचा कारागीर धातूच्या युगात मिळाला नाही, ही मराठी मुद्रणाची मोठी हानी आहे.

आता साधने हाताशी आहेत. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. तिच्यात ७९ चिन्हे आहेत. ओपनटाइप तंत्रात शेजारचे अक्षर पाहून रूप बदलण्याचे नियम फॉन्टमध्येच लिहिता येतात, म्हणजे ‘र’ चे सगळे अवतार एका कळीवर येऊ शकतात. गूगलचा ‘नोटो सान्स मोडी’ वाचनाला आणि अभ्यासाला उपयोगी आहे, पण त्यात रेषेचा जाडबारीकपणा नाही. सुलेखनकार अच्युत पालव यांची ‘मुक्तलिपी’ मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून आली. समारंभी मोडीसाठी काय करता येईल, याची दिशा तिच्यात दिसते.

हल्ली दारावरच्या पाट्या, बोधचिन्हे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि लग्नपत्रिका यांवर मोडी पुन्हा दिसू लागली आहे. त्यांत नागरी मजकूर यंत्राने मोडीत उतरवण्याची घाई असते आणि दोन चुका वारंवार होतात. अक्षरागणिक शिरोरेषा तुटते. दुसरी चूक ऱ्हस्वदीर्घाची. युनिकोडमध्ये इ-ई आणि उ-ऊ यांची चिन्हे वेगळी दिली आहेत, पण जुने लेखक दोन्हींसाठी सहसा एकच चिन्ह वापरत. पेशवाई वळणाची पत्रिका छापायची असेल, तर ती एखाद्या मोडीवाचकाच्या नजरेखालून घालावी आणि शिरोरेषा पूर्ण रुंदीची, आधी आखून घ्यावी.