ए-वीसचें फाटक

संगणकाची कळ दाबतांच त्यांतील प्रोसेसर जी आज्ञावली प्रथम चालवितो, ती कार्यप्रणालीची नसते. यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्यें सांठविलेली बायॉस नांवाची आज्ञावली आधीं जागी होते, यंत्राची तपासणी करते आणि मग कारभार कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सोपविते. मात्र त्या वेळीं सगळ्या किल्ल्या कर्नलच्या हातीं पडतातच असें नाहीं. कित्येक दालनें बंदच राहतात. आणि तीं उघडण्यासाठीं कर्नल लिहिणारांनीं जी खटपट केली, तिचा इतिहास मनोरंजक असून थोडा खेदजनकही आहे.

या गोष्टीचा आरंभ १९८१ सालीं झाला. त्या वर्षीं आयबीएम कंपनीनें आणलेल्या वैयक्तिक संगणकांत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. मेमरीचे पत्ते सांगणाऱ्या त्याच्या तारा वीस, क्रमांक शून्यापासून एकोणीसपर्यंत. वीस तारांनीं १०,४८,५७६ घरें, म्हणजे एक मेगाबाइट, एवढीच वस्ती मोजतां येते. पत्ता लिहिण्याची रीत मात्र अशी विचित्र होती कीं, या सीमेपलीकडील सुमारें पासष्ट हजार घरांचेही पत्ते लिहितां येत. तसा पत्ता आला म्हणजे एकविसावी तारच नसल्यामुळें प्रोसेसर निमूटपणें पुन्हां शून्याच्या घरापाशीं येई. वस्तुतः ही उणीव. परंतु कांहीं प्रोग्राम लिहिणारांनीं तिलाच सोय मानलें आणि तिच्यावर आपले प्रोग्राम उभारले.

१९८४ सालीं आयबीएमचें एटी हें यंत्र आलें. त्यांतील ८०२८६ या प्रोसेसरला चोवीस तारा होत्या व सोळा मेगाबाइटपर्यंत त्याचा हात पोंचे. आतां सीमेपलीकडील पत्ता खरोखरच पलीकडे जाऊं लागला आणि जुने प्रोग्राम बिघडण्याची वेळ आली. गिऱ्हाईक तुटूं नये म्हणून रचनाकारांनीं एकविसाव्या तारेवर, म्हणजे जिचा क्रमांक वीस तिच्यावर, एक फाटक बसविलें. त्याची किल्ली कोठें ठेवावी? कळफलकाची व्यवस्था पाहणाऱ्या ८०४२ या चिपचा एक पाय मोकळा होता, तेथें! ज्या कारकुनाचें काम अक्षरें टिपून घेण्याचें, त्याच्याच कमरेला धान्याच्या कोठाराची किल्ली अडकविण्यासारखा हा प्रकार होय. यंत्र सुरू होतांना फाटक बंद असे. आणि तें बंद असतां एकाआड एक मेगाबाइट हातीं लागत नसे.

१९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ति काढली, तींत हें फाटक उघडण्याचें काम आरंभींच करावें लागलें. फाटक खरोखर उघडलें कीं नाहीं, याची परीक्षाही तींत होती. शून्याच्या घरांत एक आंकडा लिहावयाचा आणि एक मेगाबाइटवरील घरांत तोच उमटला काय हें पाहावयाचें. उमटला, तर दोन्ही घरें एकच, अर्थात् फाटक बंद. मग कर्नल पुढचा आंकडा घेऊन तेंच पुन्हां करी, आणि यंत्र तेथेंच खिळून राही. पुढचा कर्नल अधिक सावध झाला. तो आधीं फाटक उघडेंच आहे काय हें पाहतो. नसल्यास बायॉसला विनवितो, मग कळफलकाच्या चिपला सांगतो, शेवटीं ९२ क्रमांकाच्या जलद द्वाराचा प्रयोग करतो. हे सर्व उपाय पुनःपुन्हां करूनही न साधल्यास सुरू होण्याचें नाकारतो. थोड्या जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठीं पुढील सर्वांवर हा भुर्दंड बसला.

असाच एक प्रकार विंडोज एन्‌टी ४.० मुळें घडला. ही १९९६ ची प्रणाली. प्रोसेसरला त्याचे गुण विचारण्याची जी आज्ञा आहे, तिच्या उत्तरांची संख्या वाढली कीं ही प्रणाली गोंधळे. म्हणून प्रोसेसरनें कमी बोलावें अशी एक कळ बायॉसमध्यें आली. ती चुकून दाबलेली राहिली, तर नवा कर्नलही अंधारांत राही. यास्तव लिनक्स ती स्वतःच मोकळी करतो.

परंतु सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मेमरींत माहिती म्हणून ठेवलेला मजकूर आज्ञा म्हणून चालूं नये, अशी मनाई घालण्याची सोय एएमडीनें २००३ सालीं व इंटेलनें २००४ सालीं आपल्या प्रोसेसरांत आणली. माहितीच्या मिषानें घुसून आज्ञा चालविणें हा घुसखोरांचा आवडता मार्ग होता. तरीही कित्येक यंत्रांत बायॉसनें ही सोय झांकून ठेवलेली असे. मालकानें मोल दिलेलें, कुलूप दारावर बसविलेलें, पण लावलेलें नाहीं! २०१० सालीं केस कुक यांनीं लिनक्ससाठीं असा फेरफार लिहिला कीं, इंटेलच्या प्रोसेसरमधील ती मनाई बंद करणारी खूण कर्नलनें अगदीं आरंभीं पुसून टाकावी.

सगळीच दारें मात्र अशीं उघडत नाहींत. एका यंत्रांत अनेक यंत्रांचा आभास उत्पन्न करण्याची सोय इंटेलनें २००५ सालीं आणली. तिच्या नोंदवहींत मोहोर करण्याची एक जागा आहे. बायॉसनें सोय बंद ठेवून मोहोर केली, कीं यंत्र पुन्हां सुरू होईपर्यंत कोणासही ती बदलतां येत नाहीं. मोहोर केलेली नसेल, तर २०२० पासून लिनक्स स्वतःच सोय चालू करून मोहोर करतो. असेल, तर बायॉसनें ही सोय बंद केली आहे एवढी नोंद करून तो गप्प बसतो. मालकानें बायॉसच्या पटलावर जाऊन ती उघडावी. आणि उत्पादकानें तेथें तसा पर्यायच ठेवला नसेल, तर त्या यंत्रापुरतें तें दार बंदच राहतें.