जमखंडीचे ग्रहण आणि सूर्याचे प्रभामंडल

सूर्याच्या अभ्यासाचा इतिहास शिकवताना आपल्या भागातील शिक्षक सहसा विजयदुर्गाचे उदाहरण देतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी या किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना, सौर ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकस्मृतीत एक झाल्या आहेत.

याउलट बेळगाव-निपाणीजवळ झालेली व नोंद असलेली निरीक्षणे मात्र विस्मरणात गेली. १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून निपाणी, जमखंडी, विजापूर असा पूर्वेस गुंटूर व मच्छलीपट्टणकडे गेला होता. रॉयल सोसायटीने वर्णपटाच्या निरीक्षणाचे काम लेफ्टनंट जॉन हर्शेल यांच्याकडे सोपवले. प्रसिद्ध खगोलज्ञ विल्यम हर्शेल यांचे हे नातू. त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात नोकरीस होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्यांनी दुर्बीण उभारली. निपाणीपासून हे गाव पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर आहे. विजापुरातून कॅप्टन हेग यांनीही वर्णपट पाहिला.

जमखंडीस त्या दिवशी ढग होते. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून थोडी अधिक, त्यातही मधूनमधून सूर्य दिसेनासा होई. हर्शेल यांना सौर ज्वाळेच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा हे तप्त वायूंचे लोट आहेत हे सिद्ध झाले. त्यांच्या नोंदीत एक गमतीची गोष्ट आहे. नारिंगी रेषेजवळचा प्रकाश इतका वाढला की एक ढग आडवा येऊन तो मंद होईपर्यंत तिचे मापन करता आले नाही! ती रेषा सोडियमचीच, असे त्यांनी लिहून ठेवले. ती वेगळी असून हेलियमची आहे, हे नंतर उमगले. हातातून निसटलेल्या शोधाचे याहून बोलके उदाहरण आपल्या परिसरात दुसरे सापडणार नाही.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हर्शेल यांचे सहकारी लेफ्टनंट कॅम्पबेल यांचे काम अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा, म्हणजे करोनाचा, प्रकाश तपासला व तो ध्रुवित असल्याचे नोंदवले. यावरून या प्रकाशाचा मोठा भाग सूर्याचाच, पण वाटेत विखुरला गेलेला आहे, हे कळते. पुढे १९४० च्या सुमारास एडलेन यांनी प्रभामंडलातील हिरव्या रेषेचा उलगडा केला. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची निघाली, आणि तेथील तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याचे स्पष्ट झाले. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा असता बाहेरचे वातावरण इतके तप्त का, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

येथे थोडे विषयांतर. प्रेषित मुहंमद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी ग्रहण लागले होते. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला. प्रेषितांनी तो साफ नाकारला व नमाज अदा केली. पुढे इब्न अल-हैसम यांनी बारीक छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा प्रयोग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वर्गात सहज करता येतो.

ग्रहणाची वाट पाहण्याची गरज आता उरलेली नाही. भारताचे 'आदित्य' यान २००८ मध्ये कल्पिले गेले तेव्हा एकच प्रभामंडलदर्शक वाहणारा ४०० किलोचा छोटा उपग्रह होते. आदित्य-एल१ म्हणून ते २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावले तेव्हा त्यावर सात उपकरणे होती, पैकी एक पुण्याच्या आयुकाचे. ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने युरोपचे 'प्रोबा-३' नेले. त्यातील एक उपग्रह दीडशे मीटर पुढे राहून दुसऱ्यासाठी सूर्य झाकतो. हे कृत्रिम ग्रहण एका खेपेस सहा तासांपर्यंत टिकू शकते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने 'पंच' मोहिमेचे चार छोटे उपग्रह सोडले. प्रभामंडल व सौरवारा यांच्या ध्रुवित प्रकाशाचे मापन, हे त्यांचे काम. कॅम्पबेल यांनी जमखंडीच्या ढगाळ सकाळी काही मिनिटांत केले ते हेच.