पोटाला पडलेली खिडकी

अन्नाचा तोंडापासून जठरापर्यंतचा प्रवास आज शाळेंतील मुलगाही सांगूं शकतो. दांत घास बारीक करतात. लाळ त्यांतील पिष्टाची साखर करूं लागते. अन्ननलिकेचे स्नायु क्रमाक्रमानें आकुंचन पावून घास खालीं ढकलतात. आणि जठरांत आम्लरस प्रथिनांचें पचन आरंभितो. परंतु जठराविषयींचें हें ज्ञान कोणाच्या पोटांतून आलें, हें त्या मुलास क्वचितच ठाऊक असतें.

जठर अन्नाला दळतें, कुजवितें कीं विरघळवितें, हा वाद युरोपांत दीर्घकाळ चालला होता. १७५२ मध्यें फ्रान्समधील रेओम्यूरनें सच्छिद्र धातूच्या नळींत मांस घालून ती एका घारीकडून गिळविली. नळीमुळें मांस भरडलें जाणें शक्य नव्हतें. तरीही तें विरघळलें. पुढें इटलींतील स्पालांझानी यानें स्वतः अन्नाच्या पिशव्या गिळून तोच निष्कर्ष दृढ केला. १८२४ मध्यें इंग्लंडांत प्राउट यानें जठररसांतील आम्ल ओळखलें. तथापि जिवंत मनुष्याचें जठर काम करीत असतां प्रत्यक्ष कोणी पाहणार कसें?

ती संधि एका अपघातानें आली. जून १८२२ मध्यें अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर, लोकरी कातड्यांच्या एका दुकानांत, अवचित बंदुकीचा बार उडाला व अलेक्सी सें मार्तें या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशींत घुसला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यानें त्याला वांचविलें. पण जखम भरली तरी जठरांत उघडणारें छिद्र बुजलें नाहीं. १८२५ पासून बोमाँट त्या छिद्रांतून रेशमी दोऱ्याला मांस, पाव व कोबी बांधून आंत सोडूं लागला. तासाभरानें कोबी व पाव निम्मे विरले होते. मांस जवळजवळ तसेंच होतें. काढलेला रस कुपींत शरीराइतका ऊन ठेवला असतां तेथेंही अन्न विरघळे. रागाचा परिणामही पचनावर होतो, असें त्याला आढळलें. १८३३ मध्यें त्यानें हे प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. तीन वर्षांनीं श्वान यानें त्या रसांतील पेप्सिन शोधून काढलें.

येथें आम्हांस थांबावेंसें वाटतें. सें मार्तें हा या संशोधनाचें साधन होता, तसाच डॉक्टरच्या घरचा चाकरही. १८३२ च्या करारान्वयें त्यास वर्षाला दीडशे डॉलर ठरले. मोबदल्यांत त्यानें आपलें पोट प्रयोगांसाठीं उघडें ठेवावयाचें. त्याला वेदना होत. तो कंटाळून मायदेशीं निघून जाई, आणि दारिद्र्य त्यास परत आणी. अखेर तो गेला तो परतला नाहीं. १८८० मध्यें तो वारला, तेव्हां डॉक्टरांच्या हातीं देह लागूं नये म्हणून घरच्यांनीं तो कुजेपर्यंत ठेवून खोल पुरला.

बोमाँटची चिकाटी थोर होती, यांत संशय नाहीं. त्यानें वांचविलें नसतें तर सें मार्तें अठ्ठावन्न वर्षें जगताना. पण प्राण वांचविल्यानें देहावर हक्क प्राप्त होतो काय? ज्या अशिक्षित माणसाला आपल्या पोटाचें ज्ञान वाचतां आलें नाहीं, त्याच्या घरच्यांनीं त्या खोल थडग्यानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. ज्ञान घेतांना तें उत्तरही आपण वाचलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.